दुखत नाही म्हणून

(बी. ए. तृतीय वर्षातील एक विद्यार्थिनी)

आमच्या घरी फोटो काढायची वेळ आली की आई ओठ घट्ट मिटून घेते. हसू आलेच तर पदर तोंडाशी नेते. लहानपणी मला वाटायचे, आई लाजाळू आहे. सातवी-आठवीत गेल्यावर कळले की ती लाज नव्हती, लपवालपवी होती. तिचे खालचे पुढचे दोन दात तेव्हाच पडले होते. आज तिचे वय बेचाळीस आहे आणि समोरचे पाच दात नाहीत. गंमत अशी, की पडलेल्या पाचांपैकी एकही दात किडलेला नव्हता. मिसरीने काळवंडलेले असतील, पण आतून धडधाकट होते. आधी ते हलू लागले, मग भाकरीचा तुकडा मोडताना वाकडे होऊ लागले आणि एक दिवस हातात आले. न किडलेला दात पडतो कसा, हा साधा प्रश्न आमच्या घरात कोणालाच पडला नाही. खोटे कशाला सांगू, मलाही पडला नाही.

तो पडला मागच्या पावसाळ्यात. सकाळी दात घासून चूळ टाकली तर पाणी तांबूस. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर मी कोणाला काही बोलले नाही, कारण दुखत काहीच नव्हते. शेवटी आजीला सांगितले. आजी म्हणाली, "काही नाही गं बाई, उष्णता झाली. चिमूटभर मिसरी लाव, थांबतंय आपोआप." चुलीपुढे बसलेल्या आईने मान वर केली आणि म्हणाली, "माझं बी असंच सुरू झालतं बग."

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली.

त्यानंतर मी आईला घेऊन लातूरला एका दंतवैद्य बाईंकडे गेले. बाईंनी खुणा केलेली एक बारीक सळी दात आणि हिरडी यांच्या मध्ये हलकेच घातली. निरोगी हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच जाते. आईच्या काही दातांशी ती सहा-सात मिलिमीटर आत गेली. तेवढी जागा दातापासून सुटून पोकळ झाली होती, आणि आईला ते आजवर दुखलेही नव्हते. मग बाईंनी जो प्रश्न विचारला त्याची आमच्या दोघींनाही अपेक्षा नव्हती. "मावशी, तुम्ही साखर कधी तपासली होती?" कधीच तपासली नव्हती. तपासली तेव्हा ती भलतीच वाढलेली निघाली. आईला मधुमेह आहे ही गोष्ट आम्हाला तिच्या हिरड्यांनी सांगितली.

मित्रमैत्रिणींनो, कला शाखेच्या वार्षिकांकात हिरड्यांवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. जंतूंचे काय ते विज्ञान शाखेच्या मुलांनी पाहावे! पण मला वाटते, ज्यांचे सगळे शिक्षण बोलण्यावर, वाचून दाखवण्यावर, गाण्यावर आणि वाद घालण्यावर चालते, त्यांना तोंडाविषयी दोन गोष्टी ठाऊक असायला हरकत नाही. शिवाय हा प्रश्न मला जितका वैद्यकाचा वाटतो तितकाच समजुतींचा वाटतो. आणि समजुतींचा अभ्यास हा तर आपलाच विषय आहे.

आपली जुनी समजूत अशी, की दाताचे जे काही बिघडते ते 'किड्या'मुळे. जत्रेत दातातला किडा काढून दाखवणाऱ्यांच्या गोष्टी आजी अजून सांगते. ही समजूत अडाण्यांचीच होती असे मात्र नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही फार काळ एकाच गुन्हेगाराचा शोध घेतला. एक जंतू सापडावा, त्यावर एक औषध मिळावे आणि प्रश्न मिटावा, हे स्वप्न कोणाला आवडणार नाही? पण हिरडीचा आजार हा एकट्या-दुकट्याचा उद्योग नाही. तो एका वसलेल्या वस्तीचा उद्योग आहे. म्हणून त्यावर एक गोळी नाही. ती वस्ती रोज हाताने मोडावी लागते. मला या लेखात मुख्यतः हेच सांगायचे आहे.

या वस्तीचे पहिले दर्शन घडले त्याला आता साडेतीनशे वर्षे होत आली. १६८३ साली, म्हणजे रायगडावर संभाजी महाराजांचे राज्य होते त्या काळात, हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या दातांमधला पांढरा थर काढून आपण घडवलेल्या भिंगाखाली धरला. त्यात त्याला हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले. हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात चोळणारा आणि स्वतःच्या दातांचा अभिमान बाळगणारा होता. तरीही ही प्रजा तिथे होतीच. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्याला ती कितीतरी अधिक आढळली. त्याने हे सारे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. मिठाने दात घासणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. आपल्या आजोबांनाही तो आपलाच वाटला असता.

आज आपल्याला ठाऊक आहे, की माणसांच्या तोंडात मिळून सुमारे ७०० जातींचे जीवाणू आढळतात. एकेकाच्या तोंडात त्यांतल्या शे-दोनशे जाती सहज असतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारकच असतात. दात स्वच्छ घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो. त्याला पहिल्या काही तासांत स्ट्रेप्टोकोकस जातीचे गोल जीवाणू चिकटतात. हे पहिले वसाहतकार. त्यांच्या मागून फ्युझोबॅक्टेरियम नावाचे लांबुडके जीवाणू येतात. त्यांचा स्वभाव पुलासारखा, आधी आलेल्यांनाही धरायचे आणि नंतर येणाऱ्यांनाही. थर जाड होतो तसा आत प्राणवायू कमी पोचू लागतो आणि मग ज्यांना प्राणवायू सोसत नाही अशी मंडळी तळाशी, हिरडीच्या आड मुक्कामाला येतात. पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला ही त्यांतली तीन कुप्रसिद्ध नावे. १९९८ साली बोस्टनच्या सोक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिघांचा एक गट पाडला आणि त्याला 'लाल' गट म्हटले. जिथे खोल पोकळी आणि रक्तस्राव, तिथे हे तिघे बहुधा बरोबर असतात.

हा थर तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचे दगडासारखे किटण होते. आपल्या बोअरच्या खारट पाण्याने हंड्याच्या बुडाशी जसा पांढरा थर धरतो, तसेच हे. एकदा किटण झाले की ब्रशने निघत नाही, दंतवैद्याच्या हत्यारानेच काढावे लागते. 'दात साफ केले की ढिले होतात' ही आपल्याकडची लाडकी समजूत इथूनच आली असावी. खरे पाहता दात आधीच ढिले झालेले असतात, किटणाने त्यांना जखडून धरलेले असते इतकेच.

आता यीस्टकडे वळते, कारण आमच्या घरच्या कथेत तिचा मोठा वाटा आहे. शिंदी ज्यामुळे फसफसते आणि पाव ज्यामुळे फुगतो, त्या जीवांच्या भाऊबंदांपैकी कँडिडा नावाची एक बुरशी आपल्या तोंडात राहते. निरोगी माणसांपैकीही निदान एक तृतीयांश जणांच्या तोंडात ती असते आणि गुपचूप असते. तिच्या नावाची गंमत भाषेच्या विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये 'कँडिडा' म्हणजे शुभ्र. जुन्या रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक शुभ्र वस्त्रे घालून मते मागत, म्हणून इंग्रजीत उमेदवाराला 'कँडिडेट' म्हणतात. आपल्या तोंडातली ही उमेदवारही तशीच आहे. एरवी कोपऱ्यात नम्रपणे बसते. संधी मिळाली की सत्ता काबीज करते.

तिला संधी कधी मिळते? रक्तातली साखर वाढली, लाळ आटली, तंबाखूचे व्यसन असले, कवळी रात्रंदिवस तोंडातच राहिली, किंवा जीवाणू मारणाऱ्या गोळ्या फार दिवस चालल्या की मिळते. शेवटचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. प्रतिजैविके जीवाणूंना मारतात. यीस्ट हा जीवाणू नव्हे, त्यामुळे त्या गोळ्यांनी तिचे काही बिघडत नाही. उलट शेजारी मेले की तिला मोकळे रान मिळते. माझ्या आईच्या बाबतीत अगदी हेच घडले. हिरडी सुजली की एका डॉक्टरांकडून गोळ्या आणायच्या, पाच दिवस घ्यायच्या, सूज उतरली की विसरायचे. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. असे दोन वर्षे चालले. त्या काळात तिच्या जिभेवर आणि गालांच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग उठत. आम्ही म्हणायचो, गोळ्या उष्ण पडल्या. उष्ण वगैरे काही पडले नव्हते. ती शुभ्र वस्त्रांतली उमेदवार निवडून आली होती.

कँडिडाचे दोन अवतार आहेत. गोल पेशीच्या रूपात ती सौम्य असते. धाग्यासारखे रूप घेतले की ती तोंडाच्या अस्तरात शिरू लागते. त्या रूपात ती पेशींना भोके पाडणारे एक विष स्रवते हे २०१६ साली प्रथम उघड झाले. त्याला कँडिडालायसिन असे नाव दिले आहे. प्रयोगशाळेत आणखीही एक गोष्ट दिसली आहे. ज्या पॉर्फिरोमोनासला प्राणवायू सोसत नाही, तो कँडिडाच्या आश्रयाने प्राणवायू असलेल्या जागीही तग धरतो. म्हणजे यीस्ट त्याला आडोसा देते. हिरडीच्या खोल पोकळ्यांत, विशेषतः मधुमेही रुग्णांच्या, कँडिडा सापडते हेही अनेकांनी नोंदवले आहे. म्हणून हिरडीचा आजार यीस्टच करते असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. ती वस्तीतली एक रहिवासी आहे आणि वाईट दिवसांत वाईटांना साथ देणारी आहे, इतकेच म्हणता येते. याच वस्तीत मिथेन वायू तयार करणारे प्राचीन कुळीचे सूक्ष्म जीव आहेत आणि अमीबाही आहे. या अमीबाची कथा तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

एन्टामीबा जिंजिवॅलिस हा हिरडीतला अमीबा १८४९ पासून माहीत होता. १९१४-१५ च्या सुमारास अमेरिकेत काही संशोधकांची खात्री पटली, की पायोरियाचा गुन्हेगार हाच. न्यू ऑर्लीन्सचे डॉ. चार्ल्स बास आणि त्यांचे सहकारी जॉन्स हे त्यांत प्रमुख होते. अमीबावर एमेटिन हे औषध चालते. मग काय, पायोरियाच्या रुग्णांना एमेटिन देण्याची लाट आली. औषध जालीम होते, पण आजार काही हटला नाही. हळूहळू लाट ओसरली. दुसरा कोणी असता तर अपयश झाकून गप्प बसला असता. बास मात्र दातांच्या मागे लागलेलेच राहिले. उतारवयात त्यांनी जगाला काय दिले? नवे औषध नव्हे, तर ब्रश कसा धरायचा हे! ब्रशचे मऊ केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरके, पंचेचाळीस अंशांत टेकवावेत आणि जागच्या जागी हलकेच हलवावेत, म्हणजे हिरडीच्या कडेखालचा थर मोडतो. ही 'बास पद्धत' आजही जगभर शिकवली जाते. ज्याने आयुष्याच्या पूर्वार्धात एका गुन्हेगाराचा पाठलाग केला, त्याने उत्तरार्धात वस्ती मोडायची युक्ती सांगितली. मला या कथेत मोठा बोध दिसतो.

आणि आपल्याकडे? सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग वेगळे करून सांगितले आहेत. हिरडीतून अकारण रक्त येणे, ती मऊ पडून दुर्गंधी सुटणे याला तिथे 'शीताद' म्हटले आहे. रक्त-पू वाहून दात हलू लागणे याला 'दंतवेष्ट'. कारणे कफाची आणि रक्ताची सांगितली आहेत. सूक्ष्म जीव त्या काळी दिसणारच कसे? पण उपाय सांगताना सुश्रुत म्हणतो, की मऊ कुंचीने एकेक दात घासावा आणि हिरडीला इजा होऊ देऊ नये. कडू काड्यांत लिंबाची काडी तो श्रेष्ठ मानतो. म्हणजे कारणाविषयी हजारो वर्षांचे अंतर असूनही हाताच्या कामाविषयी सुश्रुत आणि बास यांचे एकमत आहे. आपण मात्र सुश्रुताचा अभिमान सभेत बाळगतो आणि सकाळी मिसरीची डबी उघडतो.

वस्ती मोडली की आजार हटतो, हे नुसते तत्त्वज्ञान नाही, त्याचा पुरावा आहे. १९६५ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणे बंद करायला सांगितले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते, आपल्याच वयाचे. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. थरातली वस्तीही पालटली. आधी गोल जीवाणू होते, नंतर धाग्यासारखे आणि मळसूत्री जीव दिसू लागले. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजे सुरुवातीचा हिरडीदाह पूर्ण बरा होतो. तो औषधावाचून, डॉक्टरावाचून, केवळ हाताने बरा होतो. माझ्या तांबूस पाण्याच्या बाबतीत मला हा अनुभव आला. बाईंनी किटण काढले, ब्रश धरायला शिकवले आणि बारा दिवसांत पाणी स्वच्छ झाले. पहिल्या तीन-चार दिवसांत रक्त अधिकच आले. 'घासल्याने रक्त येते, म्हणून घासू नये' असे मन सांगत होते. बहुतेक जण नेमके इथेच थांबतात. खरे म्हणजे रक्त आले तर घासणे सोडायचे नसते. अधिक हळुवारपणे, पण अधिक नीट घासायचे असते.

मग सगळ्यांचेच दात का पडत नाहीत? याचे उत्तर लो यांच्याच दुसऱ्या अभ्यासात मिळते. श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतील ४८० पुरुष मजुरांच्या तोंडांची पाहणी त्यांनी १९७० पासून पंधरा वर्षे केली. दंतवैद्य या मजुरांपर्यंत कधी पोचला नव्हता आणि ब्रश त्यांच्या माहितीत नव्हता. सर्वांच्या दातांवर थर आणि किटण. तरी सुमारे आठ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, एक्याऐंशी टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला आणि अकरा टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. मळ सारखा असून भोग वेगवेगळे. कारण दाताभोवतीचे हाड जंतू कुरतडत नाहीत. जंतूंशी लढताना शरीर जी रसायने सोडते, त्यांनी आपल्याच पेशी आपलेच हाड विरघळवू लागतात. शत्रूवर डागलेल्या तोफेने आपलाच बुरूज ढासळावा, तसे हे. 'आपलेच दात आणि आपलेच ओठ' ही म्हण इथे वेगळ्याच अर्थाने खरी ठरते. ही लढाई कोणाची किती भडकेल हे वंश, तंबाखू आणि साखर यांवर ठरते.

साखरेचे आणि हिरडीचे नाते दुहेरी आहे. साखर वाढली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीतली जळजळ सतत चालू राहिली की साखर आटोक्यात येणे कठीण जाते. मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा तीन-चार महिन्यांत सुमारे ०.४ ने उतरतो असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. आकडा लहान वाटेल, पण औषधाची एखादी गोळी वाढवून जेवढा फरक पडावा तितका तो महत्त्वाचा मानला जातो.

आता मिसरीविषयी. इथे मला थोडे सांभाळून लिहावे लागणार आहे, कारण ज्या बायकांविषयी लिहायचे त्या माझ्याच घरातल्या आहेत. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू म्हणजे मिसरी. ती दात स्वच्छ करत नाही. तिच्यातले निकोटिन रक्तवाहिन्या काही काळ आकसवते, म्हणून रक्त थांबल्यासारखे वाटते. आजीचे 'थांबतंय आपोआप' हे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. रक्त ही हिरडीने मारलेली हाक असते. मिसरी तिच्या तोंडावर हात ठेवते. मिसरी जिथे लावतात तिथली हिरडी खाली सरकत जाते. पुढे कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. पण बायकांना नुसते 'व्यसनी' म्हणून मोकळे होणाऱ्यांशी माझे भांडण आहे. पहाटे चारला उठून पाणी, चूल, जनावरे आणि मग दिवसभर सोयाबीनची काढणी किंवा हरभऱ्याची खुरपणी. या सगळ्यात मिसरीची पाच मिनिटे हीच त्यांची विश्रांती. त्या वेळेला कोणी हाक मारत नाही. ती पाच मिनिटे त्यांना दुसऱ्या कुठल्या रूपाने मिळतील याचा विचार केल्याशिवाय डबी फेकून द्या म्हणणे सोपे आहे.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. कायदे चांगलेच आहेत, पण घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील जवळजवळ चौथा हिस्सा प्रौढ माणसे धूर नसलेली तंबाखू या ना त्या रूपात वापरत असल्याचे दिसले. त्यांत आमची आजी आहे, आई आहे आणि, प्राध्यापक महोदय क्षमा करतील, तासाला येण्यापूर्वी खिडकीपाशी जाऊन चूळ भरणारे काही गुरुजनही आहेत.

आजीचीही एक गोष्ट सांगते. तिला कवळी बसवून सहा वर्षे झाली. पैसे मोजून घेतलेली वस्तू काढून ठेवायची कशाला, म्हणून ती रात्रीही तोंडातच ठेवायची. मागच्या खेपेला बाईंनी कवळी काढून पाहिली तर टाळू लालभडक, नेमका कवळीच्या आकाराचा. तिथेही तीच यीस्ट. उपाय साधा होता. झोपताना कवळी काढायची, ब्रशने घासून पाण्यात ठेवायची आणि दिलेले औषध लावायचे. महिनाभरात टाळू निवळला. "इतकी वर्षं हे कुणी सांगितलं कसं नाही?" असे आजीने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

सांगणारे दूर नाहीत. मुरुडहून लातूर पाऊण तासाच्या वाटेवर. तिथे दंत महाविद्यालय आहे, नांदेडला आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहे. अडचण अंतराची थोडी आणि समजुतीची अधिक आहे. दाढ ठणकली की माणूस रात्रीतून लातूर गाठतो. हिरडीतून वर्षानुवर्षे रक्त येते तेव्हा तो जागचा हलत नाही, कारण दुखत नाही. बोटातून रोज रक्त आले असते तर आपण स्वस्थ बसलो असतो काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात शंभर कोटींहून अधिक माणसांना हिरडीचा गंभीर आजार आहे. इतक्या लोकांचा आजार असूनही त्याची बातमी होत नाही. जो आजार ओरडत नाही त्याला आपल्याकडे कोणी विचारत नाही. जे माणूस ओरडत नाही त्याचेही तसेच होते. माझी आई या दोन्ही यादींत बसते.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. ते करावेच. पण सात दिवसांतला एक दिवस दंत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना बोलावून गावातल्या माणसांच्या, आणि आधी बायकांच्या, तोंडांची तपासणी करावी. त्याच ठिकाणी साखरही तपासावी. ब्रश कसा धरायचा हे भाषणाने शिकवू नये, आरशासमोर उभे करून शिकवावे. पथनाट्य बसवणाऱ्या मंडळींनी या विषयाला हात घालावा. शुभ्र वस्त्रांतली उमेदवार रंगमंचावर चांगली शोभेल! आणि आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका तरी माणसाला विचारावे, "थुंकीत लाल येतं का?"

यासाठी फार काही लागत नाही. मऊ केसांचा ब्रश, सकाळी आणि झोपताना दोन-दोन मिनिटे, आणि तांब्याभर पाणी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती आपल्याच मुरुड स्टेशनावरून. त्या दिवसांत चूळ भरायचे पाणीही आमच्या घरी मोजून मिळे. तशा दिवसांतही तांब्याभर पाणी निघत होते. निघत नव्हती ती सवड. काडी वापरणाऱ्यांनी काडी जरूर वापरावी, पण कुंची मऊ करून आणि हिरडी न सोलता.

वाचकांना वाटेल, आता आईचे सगळे ठीक झाले असेल. तसे झालेले नाही. गेलेले हाड परत येत नाही. आणखी दोन दात जाणार असे बाईंनी स्पष्ट सांगितले आहे. बाकीचे राखता येतील. साखर उतरली आहे. मिसरी तीन वेळांवरून एका वेळेवर आली आहे, आणि त्या एका वेळेवरून आमचे अजून भांडण होते. पण रात्री भांडी आटोपली की ती आरशापुढे उभी राहते, तिरका ब्रश धरते आणि मनात मोजत एकेक दात घासते. त्या वेळी तिला हाक मारायची नाही, असा नियम मी घरात केला आहे.

तेव्हा उद्या सकाळी चूळ टाकताना पाण्याकडे एकदा नीट पाहा. ते तांबूस दिसले तर उष्णता म्हणून सोडून देऊ नका आणि दुखत नाही म्हणून थांबू नका. माझ्या आईने पंधरा वर्षे वाट पाहिली, कारण तिला वाट पाहू नकोस असे सांगणारे घरात कोणी नव्हते. तुमच्या घरात आता तुम्ही आहात.